छपरावरची तबकडी

छपरावरची ही टीव्हीची डिश, ही तबकडी पाहा. एकदा बसवली, दिशा जुळवली, नट आवळले, की वर्षानुवर्षे तिला कुणी हात लावत नाही. ती ज्या उपग्रहाकडे तोंड करून उभी आहे, तो मात्र ताशी सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने धावतो आहे. मग तिला मान का वळवावी लागत नाही?

उत्तर उंचीत आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, उपग्रहाची एक फेरी आणि पृथ्वीची स्वतःभोवतीची एक गिरकी यांना सारखाच वेळ लागतो. म्हणून खालून पाहिले तर तो एका जागी खिळलेला. विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली ही कक्षा संदेशवहनासाठी सुचवली, तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता! १९६२ मध्ये टेलस्टार या उपग्रहाने अटलांटिकपार चित्रे पोहोचवली खरी, पण तो खालच्या कक्षेतून भराभर निघून जाई आणि जमिनीवरच्या अवाढव्य अँटेनांना त्याचा पाठलाग करावा लागे. घरोघरी हे जमणे अशक्यच होते. स्थिर उपग्रहामुळेच साधी, न हलणारी डिश पुरेशी ठरली.

आता सिग्नलच्या मागे जाऊ. प्रक्षेपण केंद्रातली मोठी डिश कार्यक्रम वर पाठवते. उपग्रह तो झेलतो, त्याची वारंवारता बदलतो, त्याला बळ देतो आणि खाली सोडतो. वारंवारता बदलायची कारण स्वतःच्याच मोठ्या आवाजात खालून येणारी कुजबुज त्याला ऐकू आली नसती. हे बळ तरी किती? एका ट्रान्सपॉन्डरमागे, म्हणजे सिग्नल झेलून परत सोडणाऱ्या उपग्रहावरच्या एका संचामागे, साधारण शंभर-दीडशे वॅट, जुन्या पिवळ्या दिव्याएवढे. तेही अख्ख्या देशावर पसरते. तुमच्या छपरापर्यंत जे पोहोचते ते इतके क्षीण असते, की चित्र दिसते याचेच मला अजून नवल वाटते.

तबकडीचा खोलगट आकार हे कणकण एका बिंदूवर गोळा करतो. तिथे पुढे आलेल्या दांड्यावर एलएनबी नावाचा छोटा डबा बसलेला असतो. तो सिग्नल वाढवतो आणि त्याची वारंवारता उतरवतो, नाहीतर केबलमधून घरात येईपर्यंत तो विरून जाईल. उरलेले काम सेट-टॉप बॉक्सचे : कुलूपबंद चॅनल उघडायचे, दाबून बसवलेले चित्र उलगडायचे.

पण लोक डिश का निवडतात? जमिनीवरच्या टॉवरच्या लहरींना डोंगर आडवा येतो. केबल खोदून किंवा खांबांवरून न्यावी लागते आणि ते परवडते फक्त दाट वस्तीत. बेटावरच्या किंवा दरीतल्या एकट्या घरापर्यंत ती कोण नेणार? उपग्रहाला मात्र ते घर आणि शहरातला मनोरा सारखेच. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. इंटरनेटवर सहसा प्रत्येक प्रेक्षकाला वेगळा प्रवाह पुरवावा लागतो. उपग्रहाचे प्रक्षेपण पावसासारखे असते. शेजारच्या अंगणात पडला म्हणून तुमच्या अंगणात कमी पडत नाही. अंतिम सामना कोट्यवधींनी पाहिला तरी गर्दी होत नाही. वर जाऊन खाली यायला सिग्नलला जेमतेम पाव सेकंद लागतो.

खऱ्या पावसाशी मात्र त्याचे जमत नाही. घरगुती डिशच्या लहरी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असतात. मुसळधार सरींचे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात आणि चित्राचे चौकोन होतात. सर ओसरली की ते पूर्ववत होते.

शिवाय वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असतात त्या सुमारास, काही दिवस रोज थोडी मिनिटे सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. त्या वेळी बाहेर येऊन तबकडीकडे नीट पाहा. तिच्यावर फांदीची किंवा भिंतीची सावली पडली असेल, तर तीच फांदी, तीच भिंत उपग्रहाच्याही आड येते आहे.