वाकळ आणि भीड

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका वाचनालयात डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय 'हिवाळ्यात पहाटे धावण्याची प्रेरणा'. त्यातल्या दोन शब्दांशी माझं भांडण आहे. पहिला 'धावणं'. पुस्तकातली माणसं धावतात, बेळगावातली पळतात. मी पळणंच म्हणणार. दुसरा 'प्रेरणा', त्याच्याकडे जरा वेळानं येते.

ओळख करून देताना मला धावपटू म्हटलं गेलं, ते कृपया विसरा. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. बावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समोर धरला, तेव्हा पळायला लागले. आज एकसष्ट पूर्ण आहेत. एक किलोमीटर पळायला मला आठ मिनिटं लागतात, आणि रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं तर बारा. (हशा) पण हे नऊ हिवाळे मी बाहेर पळालेय, आणि त्यातला एकही दिवस मला आपणहून उठावंसं वाटलेलं नाही. आज तेवढंच सांगायला आलेय.

आधी थंडीबद्दल. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. पावसाळा संपला की आभाळ निरभ्र होतं, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आभाळाला देऊन टाकते, आणि पहाटेपर्यंत पारा तेरा-चौदावर येतो. एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. थंड हवा जड, ती पाण्यासारखी सखल जागेकडे वाहते. येळ्ळूर रस्त्याला जे पळतात त्यांना हे पायांनी कळतं. भात कापून झालेलं असतं, त्याच ओलीवर मसूर टाकलेली असते, तिच्यावर दव असतं, आणि शिवाराच्या खोलगट भागात उतरलात की गार हवेच्या डबक्यात पाय टाकल्यासारखं वाटतं. शंभर पावलं पुढे चढाला लागलात की पुन्हा ऊब. वर्गात फळ्यावर बाण काढून मी हे मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं. मला स्वतःला ते कळलं बावन्नाव्या वर्षी.

तरी गंमत बघा, पळायला याहून चांगली हवा नाही. लांब पल्ल्याचे पळणारे दहा-बारा अंशांची थंडी शोधत असतात. आपण पळतो तेव्हा शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णतेत जातो. उन्हाळ्यात ही उष्णता बाहेर टाकता टाकता जीव मेटाकुटीला येतो. आता ती फुकट वाहून जाते. म्हणजे पळणाऱ्याला थंडीचा त्रास नाहीच म्हणा ना. त्रास आहे तो न पळणाऱ्याला, वाकळीत पडलेल्याला.

वाकळ म्हटल्यावर काही जण हसले. पुण्याचे पाहुणे गोधडी म्हणतात. माझी वाकळ आईच्या नऊवारींची आहे, सात थर. तिच्यातून बाहेर येणं हा खरा प्रश्न.

पहाटे चार-साडेचारच्या सुमारास शरीराचं तापमान चोवीस तासांतलं सगळ्यात कमी असतं. सांधे, स्नायू आखडलेले असतात. त्यातून जाग आल्या आल्या पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोकं धड जागं नसतं. या अवस्थेत आपण स्वतःलाच विचारतो, 'आज जावं का?' अहो, त्या वेळी कोणी तुम्हाला घर विकायला सांगितलं तर सही कराल तुम्ही! मग 'जावं का' याचं उत्तर काय येणार? मला पहिल्या हिवाळ्यात दर पहाटे नवं उत्तर सापडायचं. आज घसा बसलाय. आज मार्गशीर्षातला गुरुवार, पूजेची तयारी आहे. आज धुकं आहे, गाड्या दिसणार नाहीत. कारणं सगळी खरी असायची, हा त्यातला मोठा घात.

अंधाराचं एक वेगळं प्रकरण आहे, तिथे थोडा भूगोल सहन करा. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखावृत्तावर लावलेलं. बेळगाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपलं घड्याळ सूर्याच्या बत्तीस मिनिटं पुढे पळतंय. तुम्ही साडेपाचचा गजर लावता तेव्हा बेळगावच्या सूर्याच्या हिशेबानं पाचच वाजायचे असतात. दुसरी गोष्ट. आपण समजतो, २२ डिसेंबर सगळ्यात लहान दिवस, त्यानंतर पहाट लवकर होणार. होत नाही. पृथ्वीचा आस कललेला, आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सगळ्यात जवळ म्हणून जरा वेगात, या दोन्हींमुळे आपल्याकडे सूर्योदय संक्रांत उलटून गेली तरी पुढेच सरकत असतो, सातच्याही नंतर. संक्रांतीला आपण म्हणतो दिवस तिळातिळानं वाढतो. वाढतो, पण तो तीळ संध्याकाळच्या वाट्याला जातो. पहाटेला काही मिळत नाही. म्हणून जानेवारीत ज्यांचं पळणं सुटतं त्यांनी स्वतःला आळशी म्हणून घेऊ नये. अंधार खरोखरच वाढलेला असतो.

आता प्रेरणा. मोबाइलवर व्हिडिओ येतात, उगवता सूर्य, डोंगरमाथ्यावर कोणीतरी हात पसरून उभं, मागे ढोल. मी पण बघितलेत. रात्री दहाला बघितलं की अंगात वारं शिरतं, पहाटे पाचला त्याचा मागमूस नसतो. प्रेरणा रात्री येते आणि पळायचं पहाटे असतं, हे जमायचं कसं?

वर्गात मी एक गोष्ट सांगायची, ती इथेही सांगते, कारण आपल्या गावची आहे. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला दोराबजी टाटांच्या पुढाकारानं हिंदुस्थानातून एक छोटा संघ गेला. त्यात मॅरेथॉनला होते फडेप्पा दरेप्पा चौगुले, आपले बेळगावचे. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीच्या बेचाळीस किलोमीटर १९५ मीटरपेक्षा लांब होती, पावणेत्रेचाळीस किलोमीटर. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. भागाकार करून बघा, किलोमीटरला चार मिनिटं, तीही सलग पावणेतीन तासांहून अधिक. माझा एक किलोमीटर होईतो त्यांचे दोन झालेले. मुलांचे डोळे मोठे व्हायचे. माझेही होतात. पण खरं सांगू? या गोष्टीनं मला एकाही पहाटे उठवलं नाही. अभिमान ही वस्तू वाकळीतही छान ऊबदार राहते.

मग उठवतं कोण?

येळ्ळूर रस्त्याला, खानापूरच्या बाजूला, कंग्राळीकडे, पहाटे पाचला पोरं पळताना दिसतात. भरतीची पोरं. हाफ चड्डी, कोणाच्या पायात बूट, कोणाच्या नाही. मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं लष्करी केंद्र, ज्या गावात आहे तिथे हे दृश्य नवं नाही. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर पुरे गुण, हा आकडा त्यांना पाढ्यासारखा पाठ. त्यातल्या एकाला, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याला, मी विचारलं, 'रोज कसा रे उठतोस?' तो म्हणाला, 'मी कुठं उठालोय बाई, पोरं दारात येऊन बोंबलतात की. नाही उठलो तर आमचं म्हातारं जागं होतंय, मग शिव्या.' बघा, देश, वर्दी, यातलं काही त्यानं सांगितलं नाही. दारात पोरं आहेत म्हणून तो उठतो.

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: भीड. भीड भिकेची बहीण, असं आपण लहानपणापासून ऐकलं, आणि व्यवहारात ते खरंही असेल. भिडेखातर जामीन राहून बुडालेली माणसं माझ्याच नात्यात आहेत. पण पहाटे पाच वाजता मला तरी या बहिणीखेरीज कोणी कामाला आलेलं नाही.

माझी भीड म्हणजे आमच्या शेजारच्या अक्का. मूळच्या गोकाककडच्या, घरात कन्नड. माझं कन्नड बाजारापुरतं, त्यांचं मराठी मालिकांपुरतं. सीमाप्रश्नावर आम्ही कधी बोललो नाही, दोघींनाही दम लागलेला असतो. (हशा) आमचा करार साधा होता: साडेपाचला दुसऱ्या रेल्वे गेटापाशी. रात्री दहानंतर फोन नाही, निरोप नाही, 'आज नको' हा शब्द नाही. एक जण आली नाही तर दुसरी थांबणार.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, एक दिवस मी गेले नाही. आजारी नव्हते. गजर बंद केला आणि कूस बदलली. सातला दूध घ्यायला बाहेर आले तर अक्का परत येत होत्या. नंतर कळलं, त्या चाळीस मिनिटं गेटापाशी उभ्या होत्या. दोन गाड्या गेल्या, दोनदा गेट पडलं, उघडलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, 'थंडी भाळ इत्तु.' थंडी फार होती. रागाचा सूर नाही, टोमणा नाही. रागावल्या असत्या तर मी चार कारणं सांगितली असती. ते दोन-तीन शब्द मात्र आजही पाचच्या गजराबरोबर ऐकू येतात. त्या दिवसापासून अक्का गेटापाशी असताना मी चुकलेले नाही.

आता थोड्या व्यवहाराच्या गोष्टी, कारण त्या चुका मी करून बसलेय.

पहिल्या वर्षी मी स्वेटर, वर शाल, डोक्याला मफलर अशा थाटात निघायची. रस्त्यात एक दूधवाला हाक मारून विचारायचा, 'एवढ्या थंडीत पळून कुठं चाललाय ओ बाई?' पहिल्या किलोमीटरला घाम, दुसऱ्याला स्वेटर कमरेला, तिसऱ्याला तोच घाम पाठीवर गार, आणि आठवडाभर खोकला. नियम असा की दारातून बाहेर पडताना थोडं कुडकुडलं पाहिजे. दारातच ऊब वाटत असेल तर कपडे जास्त झाले. पूर्ण बाह्यांचा एक पातळ टीशर्ट, कानटोपी, हातमोजे. हात आणि कान झाकले की बाकीचं अंग आपलं आपण बघून घेतं. कपडे रात्रीच काढून ठेवा. मी तर पळायचे मोजे घालूनच झोपते, घरच्यांनी हसून घेतलंय. पहिली पाच-सात मिनिटं घरातच हातपाय हलवा, पहिला किलोमीटर चाला. कोरडी गार हवा एकदम तोंडानं ओढली की श्वासनलिका आवळते. दमा असेल त्यांनी, आणि बीपी किंवा हृदयाचं काही असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण थंडीत रक्तवाहिन्याही आकसतात. मी भूगोलाची बाई, याहून जास्त सांगणार नाही.

गार हवा खाली बसते तशी तिच्याबरोबर धूरही बसतो. कोणी कचरा पेटवलेला असेल, प्लॅस्टिकचा वास आला, तर सरळ रस्ता बदला. शेकोटीशी थांबून चार शब्द बोला, पण तिच्या धुरात पळू नका.

आणि ऊस. हंगामात आपल्या जिल्ह्यातले रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे असतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा लाल दिवा नसतो, पुढच्या गाण्यामुळे ड्रायव्हरला काही ऐकू येत नाही. रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा, म्हणजे येणारं वाहन समोर दिसतं. पांढरा कपडा घाला. कानात काही घालू नका. बायकांना वेगळं सांगायला नको, दोघी-तिघी असणं हे आपल्याला भिडेइतकंच सुरक्षिततेसाठीही लागतं. कुत्र्यांचं म्हणाल तर ती पळणाऱ्याच्या मागे लागतात, उभ्या राहिलेल्याच्या सहसा नाही. तिथे आपला वेग विसरून चालायचं.

एका ताईंनी मघाशी विचारलं, सोबत कोणीच नसेल तर? मग भीड तयार करावी लागते. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ येताना तीन घरांचं दूध आणतात, न मागता अंगावर घेतलेलं काम. तीन घरांचा चहा त्यांच्यावर अडलेला असतो, झोपून कसं चालेल?

माझंच बघा. अक्का परवा धारवाडला लेकीकडे गेल्या, बाळंतपण आहे, सव्वा महिना तरी येत नाहीत. दोन पहाटे झाल्या, गेटापाशी माझी वाट बघणारं कोणी नाही. काल मी गेले नाही. आजही गेले नाही. या व्याख्यानाचा फोन आला तेव्हा आधी नाहीच म्हणणार होते, मग अक्का जायच्या म्हटल्यावर हो म्हणून टाकलं. आता तुम्हा सत्तर-ऐंशी माणसांसमोर बोलून बसलेय: उद्या साडेपाचला, दुसरं गेट.