हवेवर थंड होणारं इंजिन आणि सोलापूरचं ऊन

नमस्कार मंडळी.

समोर मेकॅनिकलची मुलं-मुली आहेत, मागच्या रांगांत अक्कलकोट रोड एमआयडीसीतले माझे जुने सोबती दिसतायत, आणि काहीजण नुसतं पोर्शेचं नाव ऐकून आले असणार. सगळ्यांच्या पदरात काहीतरी पडेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली. मूळचे सोलापूरचे आणि आता पुण्यात राहणारे एक गृहस्थ त्यांच्या 1974 सालच्या पोर्शे 911 चं इंजिन माझ्याकडे घेऊन आले. इंजिन नव्यानं बांधून हवं होतं, आणि जोडीला ताकदही वाढवून हवी होती. घरामागच्या खोलीत मी ते पूर्ण खोललं आणि पुन्हा बांधलं. त्या कामावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो : हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात आधी उष्णता बाहेर काढायची सोय करा, ताकदीचं मग बघा. आपल्या गावात तर हा क्रम अजिबात उलटा करू नका.

इंजिनाची ओळख थोडक्यात. 911 ही गाडी 1963 साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात लोकांनी पहिल्यांदा पाहिली, 1964 पासून ती बनायला लागली. पहिलं इंजिन 1991 सीसीचं, 130 अश्वशक्तीचं. सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, सगळे आडवे. आणि सगळा जुडगा गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागे. रेडिएटर नाही, पाणी नाही. पट्ट्यावर फिरणारा एक मोठा पंखा हवा ओढतो आणि सिलिंडरवरच्या पात्यांमधून खाली ढकलतो. बाकीची उष्णता तेल वाहून नेतं. तेल इंजिनाखाली न साठता वेगळ्या टाकीत राहतं आणि ते दहा लिटरच्या वर लागतं. ही पद्धत 911 मध्ये 1998 पर्यंत टिकली. माझ्याकडे आलेलं इंजिन 2687 सीसीचं होतं, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास 90 मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव 70.4.

आता आपल्या हवेचा हिशेब मांडू. इंजिनीअर लोक आकडे मांडतात ते समुद्रसपाटीवरची 15 अंशांची हवा धरून. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून थोडं वर आहे, तिथेच हवेचा दाब पाच टक्क्यांनी उतरतो. मे महिन्यात पारा 43 वर गेला की हवा आणखी विरळ होते. दोन्ही मिळून तेरा-चौदा टक्क्यांची घट. पंखा एका फेऱ्यात ठरावीक घनफळाची हवा ढकलतो. त्या घनफळात वस्तुमानच कमी असेल तर ती हवा उष्णताही कमी उचलणार. दुसरी गोष्ट, सिलिंडरची पाती समजा 180 अंशांवर आहेत. 15 अंशांच्या हवेशी त्यांचा फरक 165 चा, आपल्या दुपारच्या हवेशी 137 चा. उष्णता वाहते ती या फरकावर. म्हणजे हवा विरळ आणि वर गरमही, दोन्हीकडून मार. त्या गृहस्थांना मी हा कागद दाखवला तेव्हा ताकदीसाठी नवे कार्बोरेटर बसवायचा विषय त्यांनी आपणहून तूर्त बाजूला ठेवला.

म्हणून सुरुवात पत्र्यापासून केली. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर हे लोकांना शोभेचं वाटतं. वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा यांच्यामधली भिंत म्हणजे तेच पत्रे. एक तुकडा जरी गायब असला तरी खालची गरम हवा पंखा पुन्हा वर ओढतो. या इंजिनाचे काही पत्रे कुणीतरी काढून टाकले होते, रबर तर सगळं कडक होऊन तडकलं होतं. पत्रे आपल्याकडेच ठोकून बनवले. मग पुढच्या चाकाच्या मडगार्डमध्ये तेलाचा जादा कूलर बसवला. तेल साधारण 85 अंशांना आलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि तेल पुढपर्यंत फिरून येतं. पंखा अकरा पात्यांचाच ठेवला. नंतरच्या काही 911 ना पाच पात्यांचा आला होता, तो आपल्या उन्हात मी बसवणार नाही. आणि ज्यांना अशी गाडी चालवायला मिळेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवा : पंखा आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर फिरतात. चार्जिंगचा लाल दिवा लागला म्हणजे पट्टा तुटला असावा, पंखा बंद पडला असावा. घर जवळ आहे, नेऊ हळूहळू, असं चालत नाही. गाडी तिथल्या तिथे बंद करायची.

आता या कामातल्या सगळ्यात जोखमीच्या भागाकडे येतो. साध्या 911 ची केस, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो तो इंजिनाचा मुख्य सांगाडा, 1968 च्या सुमारापासून 1977 पर्यंत मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. वजन वाचावं म्हणून. त्या केसमध्ये पोलादी स्टड, म्हणजे आटे पाडलेले लांब दांडे, आवळलेले असतात, प्रत्येक सिलिंडरला चार, एकूण 24. हे स्टड सिलिंडर आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, दोन्ही दाबून धरतात. सिलिंडर आणि हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढतं. सिलिंडर लांबतो, स्टड तेवढा लांबत नाही, मग सगळा ताण येतो स्टडच्या मुळाशी असलेल्या आट्यांवर. तिथे मॅग्नेशियम, तेही तापून मऊ पडलेलं. आटे सुटतात, स्टड वर येतो, हेडमधून हवा फुसकायला लागते. पोर्शेनं पुढे डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड आणले, ते जवळपास ॲल्युमिनियमच्या बरोबरीनं वाढतात. कल्पना चांगली होती, पण ते स्टड गंजून मोडतात. त्यापेक्षा साधे पोलादी स्टड आणि केसमध्ये पोलादी आट्यांची बुशं, हा उपाय मला खात्रीचा वाटतो.

हे घरी हँडड्रिलनं करायचं काम नाही. भोक केसच्या पृष्ठभागाला काटकोनात पडलंच पाहिजे. म्हणून केसची दोन्ही अर्धं जोडून, बोल्ट आवळून, एमआयडीसीतल्या मिलिंग मशीनवर 24 भोकं घेतली. विद्यार्थ्यांसाठी एक सूचना, ती लिहून घ्या. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो, आणि त्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. मशीनशेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायची, कीस साचू द्यायचा नाही, टूल धारदार ठेवायचं.

सिलिंडरबद्दल आपल्या गॅरेजवाल्यांना सांगायला हवं. आपली सवय अशी, की सिलिंडर झिजला की रिबोअर करा, ओव्हरसाइज पिस्टन टाका, मोकळे व्हा. इथे ते जमत नाही. 1973 च्या कॅरेरा आरएस या 911 च्या जोरदार आवृत्तीपासून 90 मिलिमीटरचा बोअर शक्य झाला तो निकासिलमुळे. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर निकेलचा पातळ लेप, आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण. बोअर मारला की लेपच जातो. झीज मोजायची, मापात असेल तर हलका हात फिरवून नव्या रिंगा, नसेल तर लेप नव्यानं करून आणायचा किंवा सिलिंडर बदलायचा. आमचे सिलिंडर मापात निघाले.

मापाचा विषय निघालाच आहे तर तो सोलापूरच्या उन्हापासून वेगळा काढता येत नाही. जगभर मोजमापाचं तापमान 20 अंश धरलं जातं. 90 मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पिस्टन 20 वरून 42 अंशांवर गेला की 0.045 मिलिमीटरनं फुगतो. तुमच्या हातातला पोलादी मायक्रोमीटरही फुगतो, पण निम्म्यानं. म्हणजे वाचनात 0.02 मिलिमीटरची चूक राहते, आणि निकासिलमध्ये पिस्टनला मोकळी जागाच चार-पाच शतांशाच्या आत असते. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोजलेलं माप कागदावरच्या मापाशी ताडून पाहू नका. पार्ट आणि मापाची हत्यारं रात्रभर एकाच खोलीत, एकाच टेबलावर राहू द्या आणि पहाटे मोजा. तेव्हा धूळही बसलेली असते.

आता कॅमचं टायमिंग, म्हणजे वॉल्व उघडणारा दांडा नेमक्या वेळेवर लावणं. हे काम मला सगळ्यात आवडतं, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. आपलं गाव कॅमशाफ्टचं गाव आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या इथल्या कंपनीतून सोलापूरचे कॅम जगभरच्या मोटारींत जातात. आणि यंत्रमागावर काम केलेला कुठलाही जॉबर, म्हणजे माग लावून देणारा कारागीर, टायमिंग म्हणजे काय ते बरोबर जाणतो. धोटा कधी सुटायचा, टॅपेटनं वही, म्हणजे ताण्याचे धागे उचलणारी चौकट, कधी उचलायची, यात जरा इकडचं तिकडे झालं की ताणा तुटतो. इथे वॉल्व पिस्टनवर आपटतो, एवढाच फरक.

911 ला प्रत्येक बाजूला एक कॅम, तो साखळीवर फिरतो. आधी पुलीवरची झेड-1 ही खूण केसच्या जोडाशी आणायची, म्हणजे पहिला पिस्टन सगळ्यात वर आला. पहिल्या सिलिंडरच्या इनलेट वॉल्वचा गॅप 0.10 मिलिमीटर लावायचा. मग डायल गेजचं टोक वॉल्वच्या स्प्रिंगवरच्या वाटीवर टेकवायचं, सुई थोडी दाबून शून्यावर घ्यायची. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवायचा, सावकाश आणि एकाच दिशेनं. उलट फिरवलात तर साखळीची ढील मध्ये येते आणि वाचन खोटं निघतं. पुन्हा झेड-1 वर आलात की सुई सांगते त्या क्षणाला वॉल्व किती उचललेला आहे. 911 एस या जास्त ताकदीच्या गाडीच्या गरम कॅमला हा आकडा पाच मिलिमीटरच्या थोडा वर असतो, रोजच्या वापराच्या कॅमला निम्म्याहूनही कमी.

आकडा बसला नाही तर? कॅमच्या टोकाला दोन चकत्या एकमेकींवर बसतात, दोन्हींत भोकांची गोल रांग. एका रांगेत भोकं दुसरीपेक्षा एकानं कमी. त्यामुळे कुठल्याही क्षणी नेमकं एकच भोक दुसऱ्याशी जुळतं, त्यात एक छोटी पिन सरकवायची. पिन काढून शेजारच्या जुळणाऱ्या भोकात टाकली की कॅम एक-दोन अंश सरकतो. व्हर्नियर कॅलिपरचंच तत्त्व, गोलाकार मांडलेलं. ज्यानं हे योजलं त्याच्या डोक्याला मी मनापासून दाद देतो. दोन्ही बाजू लागल्यावर वॉल्व आणि पिस्टनमधलं अंतर तपासायचं. इनलेटला किमान दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर. त्याखाली मी जात नाही.

ताकदीकडे शेवटी आलो. आमच्या इंजिनाची मूळ ताकद 150 अश्वशक्ती. मालकांना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, 9.5 हवं होतं. हिशेब असा : एका सिलिंडरचं घनफळ 448 सीसी. 8.5 कॉम्प्रेशनसाठी वर जवळपास 60 सीसी जागा लागते, 9.5 साठी 53. फरक फक्त 7 सीसीचा, पण त्यानं नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची, भीती आणि हेडची उष्णता दोन्ही वाढतात. 1973 च्या आरएसनं याच 2687 सीसीतून 8.5 कॉम्प्रेशनवर 210 अश्वशक्ती काढली होती. ताकद कॅममधून आणि श्वास मोकळा करण्यातून येते, ती सोय असताना कॉम्प्रेशनच्या मागे कशाला लागायचं? आम्ही 8.5 वर थांबलो. कॅम मधल्या स्वभावाचा घेतला. मूळचं मेकॅनिकल इंजेक्शन अशा कॅमबरोबर नीट चालत नाही, हवेच्या उलट्या धक्क्यांनी त्याची झडप थरथरते. म्हणून प्रत्येकी तीन तोंडांचे दोन वेबर कार्बोरेटर बसवले.

आणि इथे आपल्या जिल्ह्यातला ऊस मध्ये येतो. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन सात-आठ टक्के जास्त लागतं. जुन्या जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर, गाडी चालवलीत तर मिश्रण लीन होतं, पेट्रोल कमी पडतं, आणि लीन इंजिन तापतं. जेटमधून जाणारं पेट्रोल व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणून 130 चा जेट असेल तर 135 च्या आसपास जावं लागतं. जुने रबरी पाइप आणि फ्लोटच्या सुईचं रबर इथेनॉलला टिकत नाही, तेही सगळं बदलायचं.

पण गंमत पाहा. विरळ हवेत कार्बोरेटर आपोआप रिच चालतो, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त देतो. मघाशी जी तेरा-चौदा टक्क्यांची घट मांडली, तिनं मिश्रण सात टक्क्यांच्या आसपास रिच होतं. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी जुना जेटही बरोबर वाटेल, प्लगचा रंग छान तपकिरी येईल, आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. डिसेंबरात पहाटे पारा 15 वर आला, हवा घट्ट झाली, की तेच इंजिन होटगी रोडवर पूर्ण थ्रॉटलला लीन जातं. म्हणून जेट ठरवायचे ते थंडीतल्या सकाळी, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर लावून. उन्हाळ्यात ते थोडे रिच राहतील, पेट्रोल जरा जास्त जाईल, जाऊ द्या. तेलाच्या तापमानाची चाचणी मात्र मे महिन्यातच घ्यायची, भर दुपारी, गर्दीत उभं राहून आणि मोकळ्या रस्त्यावर, दोन्हीकडे. आमच्या इंजिनाचे जेट लागले आहेत. उन्हाळ्याची चाचणी झाल्याशिवाय ते पुण्याला द्यायचं नाही, असं मालकांचं आणि माझं ठरलं आहे.

जुने स्टड, आट्यांची बुशं आणि कॅमच्या त्या दोन चकत्या इथे टेबलावर ठेवल्या आहेत. पुढे या, हातात घ्या, पिन सरकवून बघा; तोवर प्रश्न घेतो.