मेरेतसेगेरच्या डोंगराखालचं गाव

इजिप्तमध्ये नाईलच्या पश्चिम काठावर, लक्सर शहराच्या समोर, हिरवी शेतं एकाएकी संपतात आणि हा डोंगर उभा राहतो. अल-कुर्न. याच्या शिखरात इथल्या माणसांना देवी दिसली. मेरेतसेगेर, म्हणजे 'जिला शांतता प्रिय आहे ती'. तिचं रूप नागिणीचं.

खाली दिसतंय ते देर अल-मदिना गाव. प्राचीन इजिप्तच्या राजांची थडगी खोदणारे पाथरवट, चितारी, लेखनिक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. गावकुसाच्या आत 68 घरं. विहीर नाही, पाणी गाढवांच्या पाठीवरून यायचं. घरात शिरताच पहिल्या खोलीत हा विटांचा ओटा आणि भिंतीत कोनाडे, देवांचे नि पूर्वजांचे. मोठ्या देवळाच्या गाभाऱ्यात या लोकांना प्रवेश नव्हता. पण म्हणून त्यांचा धर्म दुय्यम होता का? आम्हाला तसं वाटत नाही.

त्यांचा लाडका देव होता पहिला आमेनहोतेप, जुना राजा. सणाला कामगारच पुजारी व्हायचे आणि त्याची मूर्ती खांद्यावर घेऊन निघायचे. चोरी कोणी केली, घर कोणाचं, असे तंटे वाटेत तिच्यासमोर मांडले जायचे. मूर्ती पुढे सरकली तर होकार, मागे हटली तर नकार.

आणि हा दगड पाहा. आता तो इटलीत, तुरिनच्या संग्रहालयात आहे. नेफेराबू नावाच्या कामगाराने त्यावर उघड कबुली दिली आहे: मी अडाणी होतो, बरंवाईट कळत नव्हतं, शिखराचा अपराध केला, तिने मला शिक्षा केली. प्रसूतीच्या वेळी बाई विटांवर बसते तसा मी बसलो, वाऱ्याला हाक मारली, तो आला नाही. मग देवीला दया आली, आणि तीच गोड झुळूक होऊन आली. राजांच्या शिलालेखांत विजयच विजय आहेत. 'चुकलो' म्हणणारा हा आवाज कामगाराचा आहे.

मजुरी धान्यात मिळायची. राजा तिसऱ्या रामेसेसच्या कारकिर्दीच्या 29व्या वर्षी ती थकली, तेव्हा याच लोकांनी काम थांबवून देवळांपाशी ठिय्या दिला. पुढे गाव ओस पडलं.

सेनेजेम या इथल्याच कामगाराचं हे थडगं 1886मध्ये जसंच्या तसं सापडलं. पिवळ्या भिंतीवर मृत्यूनंतरचं शेत आहे. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तो विळ्याने कणसं कापतोय. मागे बायको, इय्नेफेर्ती, ती टोपलीत वेचतेय.