कियारी: कवटीच्या तळाशी अडलेलं पाणी

[दृश्य: गोव्यातल्या बांबोळीचं रुग्णालय, सकाळची ओपीडी. टेबलावर काचेच्या दोन नळ्या.]

एका नळीत गार पाणी, दुसरीत 40 ते 45 अंशांचं, हाताला सोसवेल इतकं गरम. डॉक्टर नळी आधी गालाला लावून दाखवतात, मग बोटांना, मग दंडाला.

"मावशी, डोळे मिटा. गार लागतं की गरम?"

"कायतरी लावलंय ते कळतं. गार-गरम नाय सांगता येत."

त्याच बोटावरून कापूस फिरवला, तर तो लगेच कळतो. स्पर्श शाबूत, पण गार-गरम आणि टोचणं गायब. अशी जोडी दिसली की हाताची तपासणी थांबवून मानेकडे वळायला हवं. मूळ कियारीत असू शकतं, म्हणजे लहान मेंदूची टोकं कवटीच्या तळाच्या भोकात उतरून पाण्याची वाट अडवण्यात.

सत्तरी-डिचोलीकडे काजूच्या हंगामात भट्टीवर राबणाऱ्यांच्या किंवा चुलीवरची पेज उतरवणाऱ्यांच्या हातावर भाजल्याचे डाग असणं नवं नाही. विचारायचं ते एवढंच, की भाजलं तेव्हा हात मागे घेतलात का? "फोड आला तेव्हा कळलं" असं उत्तर आलं, तर पुढची तपासणी लांबवू नये.

[दृश्य: मज्जारज्जूच्या आडव्या छेदाचं रेखाचित्र.]

वेदना आणि गार-गरम वाहून नेणारे तंतू मज्जारज्जूत शिरले की मधल्या बारीक नलिकेच्या पुढून पलीकडच्या बाजूला जातात. स्पर्शाचे बरेचसे तंतू मागच्या अंगाने सरळ वर चढतात. कियारीसारख्या कारणाने मज्जारज्जूच्या आत पाणी साठून पोकळी झाली, तर पहिला मार बसतो तो मधून ओलांडणाऱ्या तंतूंना. ही पोकळी म्हणजे सिरिंक्स, आणि आजार सिरिंगोमायलिया. पोकळी मानेच्या भागात असली की दोन्ही हात, खांदे आणि छातीचा वरचा भाग बधिर होतो. पाय सुरुवातीला ठीक असतात. पुढे तळहाताचे छोटे स्नायू झिजतात, सदऱ्याची बटणं लागेनाशी होतात, पाय ताठर पडतात. लहान मुलांत कधी कधी पाठीचा कणा वाकडा होणं हेच पहिलं लक्षण असतं.

निदानात दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे कुष्ठरोगाचा संशय. पण कुष्ठरोगात बहुधा त्वचेवर चट्टे असतात, कोपराच्या मागच्या-आतल्या बाजूची नस जाड झालेली हाताला लागते आणि बधिर जागी पुढे स्पर्शही जातो. सिरिंक्समध्ये नसा जाड होत नाहीत. दुसरी चूक जास्त होते: मानेचा स्पॉन्डिलायसिस म्हणून पट्टा, शेक आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून मान ताणणं. पट्ट्याने फार बिघडत नाही, फक्त महिने वाया जातात. ट्रॅक्शन आणि मान 'मोडून' देणारे यांच्यापासून मात्र लांबच राहावं. का, ते पुढे येईलच.

डोकेदुखीचीही एक खूण आहे. खोकला, शिंक, खदखदून हसणं, शौचाला कुंथणं, या क्षणी डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर कळ येते आणि काही सेकंदांत किंवा मिनिटांत ओसरते. दिवसभर कपाळ ठणकणं ही बहुधा वेगळीच डोकेदुखी असते, एमआरआयमध्ये कियारी दिसला तरीही. हा फरक केला नाही, तर ऑपरेशन होतं आणि डोकं दुखायचं थांबत नाही.

[दृश्य: कवटीचा तळ, खालून. मोजपट्टी.]

कवटीच्या तळाला साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब आणि तीन सेंटीमीटर रुंद असं एक भोक असतं. मेंदूचा देठ यातूनच खाली उतरतो आणि पुढे मज्जारज्जू होतो. मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवती एका वेळी सुमारे 150 मिलिलीटर पाणी असतं. दिवसाला 500 मिलिलीटरच्या आसपास नवं तयार होतं आणि तितकंच रक्तात शोषलं जातं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडं पाणी या भोकातून खाली सरकतं आणि पुन्हा वर येतं.

कियारी टाइप 1 मध्ये लहान मेंदूची खालची दोन टोकं या भोकात बुचासारखी बसतात. या टोकांनाही टॉन्सिल म्हणतात. घशातल्या टॉन्सिलशी त्यांचा काही संबंध नाही. बहुतेकांत कवटीचा मागचा कप्पाच जन्मतः लहान असतो. ठोका पडला की पाणी अडतं, टॉन्सिल खाली दाबले जातात, मानेतल्या पाण्याचा दाब उसळतो आणि हळूहळू पाणी मज्जारज्जूत शिरतं. ते नेमकं कुठून शिरतं यावर एकमत नाही. वाट मोकळी केल्यावर पोकळी आकसते, हे मात्र ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये दिसतं, आणि सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे.

प्रागमध्ये काम करणाऱ्या हान्स कियारी या ऑस्ट्रियन पॅथॉलॉजिस्टने 1891 मध्ये हे वर्णन केलं, तेव्हा शवविच्छेदनाशिवाय ते पाहायची सोय नव्हती. आज उलटी अडचण आहे. एमआरआय इतके होतात, की दुसऱ्याच कारणासाठी फिल्म काढली आणि टॉन्सिल खाली उतरलेले निघाले, असं शंभरात एखाद्याच्या बाबतीत घडतं. प्रौढांत भोकाच्या कडेच्या खाली 5 मिलिमीटर किंवा जास्त उतरले असतील, तर रिपोर्टवर कियारी लिहिलं जातं. पण त्या आकड्यावर कुणी ऑपरेशन करू नये. लक्षणं नाहीत, सिरिंक्स नाही, तर वेळोवेळी तपासत राहणं पुरेसं असतं.

[दृश्य: एमआरआयची फिल्म, लाइट बॉक्सवर.]

ऑपरेशन ठरवण्यापूर्वीच्या तपासण्या घाईत उरकणं, बिघडण्याचं एक मोठं कारण तेच. फक्त मानेचा एमआरआय पुरत नाही. मेंदूचा आणि संपूर्ण मणक्याचा हवा, कारण सिरिंक्स छातीच्या पातळीपर्यंत जाऊ शकतो. मेंदूतले पाण्याचे कप्पे फुगले असतील, तर आधी त्याचा बंदोबस्त. डोळ्यांच्या पडद्यामागची नस सुजली आहे का, हेही पाहतात. सुजली असेल तर कवटीतला दाबच वाढलेला असू शकतो. आणि एक फसवा प्रकार: मणक्यात कुठेतरी पाणी गळतं, त्यामुळे मेंदू खाली बसतो आणि टॉन्सिल उतरलेले दिसतात. या रुग्णाचं डोकं उभं राहिल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं. त्याची कवटी उघडली, तर दुखणं वाढण्याचीच शक्यता. त्याला गळती शोधून ती बंद करणारा उपचार लागतो.

राहिला मानेचा वरचा सांधा. पहिला मणका दुसऱ्यावर सरकणं किंवा दुसऱ्या मणक्याचं टोक कवटीत घुसणं, हे विकार आपल्या देशात कमी नाहीत आणि कियारीच्या सोबत सापडतात. म्हणून सीटी स्कॅन, आणि मान पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे. सांधा ढिला असताना मानेला झटका दिला, तर मज्जारज्जू चेपून चारही हातपाय जाऊ शकतात. मान मोडून घेऊ नका म्हणतात ते यासाठी.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करताना डॉ. अतुल गोयल यांनी या दोन मणक्यांच्या बाजूच्या भागांत स्क्रू घालून प्लेटने सांधा जखडण्याची पद्धत 1994 मध्ये मांडली. ती आज जगभर वापरात आहे. कियारीचं मूळच या सांध्याच्या अस्थिरतेत आहे, म्हणून हाड काढण्याऐवजी सांधा जखडावा, असं त्यांचं पुढचं म्हणणं. बहुतेक सर्जन तिथपर्यंत जात नाहीत. अस्थिरता दिसली तर जखडतात, नसेल तर भोक रुंद करतात. आम्हालाही हीच वाट सावध वाटते, कारण एकदा जखडलेली मान पूर्वीइतकी वळत नाही.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर. पालथा रुग्ण, डोकं क्लॅम्पमध्ये.]

ऑपरेशन साधारण दोन ते चार तासांचं. नळी घालताना भूलतज्ज्ञ मान फार मागे वाकवत नाहीत. रुग्णाला पालथं करतात, डोकं तीन पिनांच्या क्लॅम्पमध्ये धरतात आणि मान पुढे वाकवतात. हनुवटी आणि छाती यांच्यात दोन बोटं मावतील, इतकीच. त्याहून जास्त वाकवली तर मानेतल्या शिरा दबतात, मेंदू फुगतो आणि रक्तस्राव आवरत नाही. डोळ्यांवर दाब नाही ना, हे दोघांनी दोनदा पाहायचं.

छेद मधोमध, डोक्यामागच्या उंचवट्याच्या जरा खालून दुसऱ्या मणक्यापर्यंत. स्नायूंच्या दोन बाजूंमध्ये एक पांढरी रेषा असते. तिच्यातून गेलं तर रक्त जेमतेम येतं. अर्धा सेंटीमीटर बाजूला सरकलं, की स्नायू कापले जातात. दुसऱ्या मणक्याला चिकटलेले स्नायू शक्यतो सोडवत नाहीत. ते सुटले तर मान पुढे झुकते आणि दुखत राहते.

मग ड्रिल. भोकाच्या मागच्या कडेचं हाड सुमारे तीन सेंटीमीटर रुंद आणि तितकंच उंच काढतात. कमी काढलं तर वाट मोकळी होत नाही. जास्त काढलं तर लहान मेंदू त्या खिंडारातून खाली घसरतो आणि नवीनच दुखणं सुरू होतं. खाली पहिल्या मणक्याची मागची कमान मध्यापासून दोन्ही बाजूंना एक ते दीड सेंटीमीटर काढतात. त्यापलीकडे कमानीच्या वरच्या कडेवरून मेंदूला रक्त नेणारी धमनी जाते, म्हणून तिथे हात आखडता.

काही मुलांत इतक्यावर थांबतात. अल्ट्रासाउंडचा प्रोब आवरणावर ठेवून पाणी हलतंय का ते बघतात. मोठा सिरिंक्स असेल किंवा पाणी अडलेलंच असेल, तर ड्यूरा, म्हणजे मेंदूचं जाड आवरण, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात उघडतात. या आवरणाच्या थरात कधी कधी रक्ताची रुंद शीर असते, विशेषतः मुलांत. ती आधी बांधली नाही, तर दोन मिनिटांत ऑपरेशनची जागाच रक्ताने लाल. आतले चिकट पडदे सोडवतात, गरज पडली तर टॉन्सिलची टोकं बारीक विजेने शेकून आखडतात. जवळची धमनी न दुखवता.

[दृश्य: सुई, बारीक धागा, आवरणाचा तुकडा.]

खरी कसोटी बंद करताना. उघडलेल्या आवरणाला ठिगळ लावायचं असतं. ते कवटीवरच्या पातळ पडद्याचं, मांडीच्या आवरणाचं किंवा तयार मिळणारं. टाके बारीक, जवळजवळ आणि पाणी न झिरपणारे. शेवटचा टाका पडला की सर्जन भूलतज्ज्ञांना सांगतात, ते फुप्फुसातला हवेचा दाब काही सेकंद वाढवून धरतात. कुठून पाण्याचा थेंब आला, तर तिथे आणखी एक टाका. मग फिब्रिन ग्लू, म्हणजे टाक्यांवर लावायचा जैविक डिंक, आणि वर स्नायूंचे थर घट्ट. रुग्णाचं पुढचं महिनाभराचं सुख-दुःख या अर्ध्या तासावर ठरतं.

कारण सर्वात जास्त त्रास देतं ते गळणारं पाणी. मानेवर मऊ फुगवटा येतो, उशी ओली होते, किंवा ताप येऊन मान आखडते. ताप प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाचाच असतो असं नाही. रक्तामुळे किंवा ठिगळामुळेही आवरणाला सूज येते, पण कंबरेतून पाणी काढून तपासल्याशिवाय ते ठरवू नये. गळती थोडी असेल तर जादा टाका आणि कंबरेतून काही दिवस पाणी वाहतं ठेवणं पुरतं. नाहीतर पुन्हा उघडावं लागतं.

[दृश्य: वॉर्ड. मग बांदा, सावंतवाडीकडे जाणारा रस्ता.]

पहिली रात्र अतिदक्षता विभागात. श्वासावर नजर ठेवतात, कारण श्वासाचं केंद्र जवळच आहे. मळमळ आणि मानेचा ताठरपणा चार-पाच दिवस असतो. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. घरी गेल्यावर सहा आठवडे कळशी, गॅसची टाकी, नारळाचं पोतं यांना हात लावायचा नाही. मोटारसायकल पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून गतिरोधक ओलांडायचे नाहीत. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, खोकला आला तर लगेच औषध. जखमेतून स्वच्छ पाणी आलं, तर घरी पट्टी बदलत बसू नये, त्याच दिवशी परत यावं. सिंधुदुर्गातल्या रुग्णांनी हे नीट लक्षात ठेवावं, कारण अंतर पाहून थांबायचा मोह होतो.

खोकल्यासोबतची डोकेदुखी बहुधा सर्वात आधी सुटते. सिरिंक्स मात्र महिन्यांनी आकसतो. गेलेली गार-गरमची जाणीव आणि झिजलेले स्नायू बऱ्याचदा परत येत नाहीत. ऑपरेशन होतं ते पुढची झीज थांबवण्यासाठी. रुग्णाला आणि घरच्यांना हे आधीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. बोटं अजून बधिर आहेत म्हणून ऑपरेशन फसलं असं समजून लोक दुसरीकडे जातात आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. बधिर हाताने चुलीजवळ काम करताना जाड फडकं लागतंच, आणि आंघोळीचं पाणी दुसऱ्याने किंवा स्वतःच्या पायाने तपासून घ्यायचं, पायाला जाणीव असेल तर.

खर्चाचं थोडक्यात. गोमंतकीयांसाठी 2016 पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त जणांना चार लाख रुपयांचं संरक्षण. कार्डाचं नूतनीकरण झालंय का, हे भरती होण्याआधी बघावं आणि मंजुरी आधीच घ्यावी.

पुढचा एमआरआय तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षाने. सिरिंक्स तसाच राहिला, तर कारण शोधायचं: हाड कमी काढलं गेलं, आत पडदे पुन्हा चिकटले, की सांधा ढिला राहून गेला. नुसती पोकळीत नळी टाकून मोकळं होणं हा शेवटचा पर्याय, कारण नळी तुंबते आणि मज्जारज्जूला आणखी इजा होऊ शकते. ही तुलना करायला पहिल्या फिल्म लागतात. गोव्याच्या पावसात त्या एकमेकींना चिकटतात आणि सीडीला बुरशी येते, म्हणून सीडी पहिल्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी आणि प्रत्येक भेटीला सोबत आणावी.