शिक्षा संपली, मग सुटका का नाही?

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी 2024 ची बातमी तुम्हाला आठवत असेल. नौदलातून निवृत्त झालेल्या आठ भारतीयांची कतारने सुटका केली आणि त्यांतले सात जण लगेच मायदेशी आले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांना तिथे फाशी सुनावली होती. भारताने अपील केलं, दुबईत पंतप्रधान कतारच्या अमीरांना भेटले, डिसेंबरात फाशी टळली आणि शेवटी अमीरांनीच त्यांना सोडलं. सरकारने मनावर घेतलं, की असं घडतं.

तसंच मनावर घेणं मला आज डहाणू-तलासरीच्या खलाशांसाठी मागायचं आहे. यांतले कितीतरी जण आदिवासी. हंगामात ओखा-पोरबंदरच्या बोटींवर जातात. समुद्रात रेघ मारलेली नसते. जाळ्यामागे बोट ओढली जाते, पाकिस्तानची गस्ती बोट येते आणि माणसं कराचीच्या मलीर तुरुंगात. बोट जप्त. घरी कळतं ते बहुतेकदा बोटमालकाच्या फोनवरून, आणि घरातला कमावता हात तर तोच असतो.

शिक्षा सहसा काही महिन्यांची. तरी माणूस वर्षानुवर्षं आत. 2008 चा भारत-पाक करार सांगतो, की अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीला भेट मिळावी. शिक्षा संपली आणि नागरिकत्व पटलं, की महिन्याभरात परत पाठवावं. 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्याही देतात-घेतात. यादीत नाव आहे, शिक्षा भोगून झाली आहे, मग अजून माणूस आत का? हा प्रश्न दिल्लीने दर यादीला विचारला पाहिजे.

दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती होती. ती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची, आजारी माणसांना आधी सोडा म्हणायची. 2013 नंतर त्या भेटी थांबल्या. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालं. संबंध कितीही बिघडोत, ही समिती पुन्हा मलीरला गेली पाहिजे. खासदारांना पत्र लिहाल तेव्हा पहिली मागणी हीच लिहा.

आणि ज्यांच्या घरचं माणूस नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर निघणार आहे, त्यांनी त्याच्या आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, बोटीचा नंबर आणि मालकाचा फोन घरात लिहून ठेवा. नागरिकत्वाच्या चौकशीला पोलीस आले, की हेच कागद लागतात.