संकल्प मोडा, डाग मोडू नका

(सांगलीतल्या एका वाचनालयात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज पाच तारीख. म्हणजे या सभागृहातले बरेचसे संकल्प अजून धुगधुगी धरून असतील. आमराईत सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. एक तारखेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. नवे बूट, नवी कानटोपी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. संक्रांतीपर्यंत निम्मी मंडळी गळतात आणि सव्वीस जानेवारीला पुन्हा तेच नेहमीचे आजोबा उरतात, जे कुठलाही संकल्प न करता वर्षानुवर्षं येताहेत.

यात आपला काही दोष आहे असं मला वाटत नाही. दोष मुहूर्ताचा. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळीतला पाडवा हे आपले साडेतीन मुहूर्त. त्यात एक जानेवारी कुठं बसते का बघा. बिनमुहूर्ताचं काम तडीला जायचं कसं? आणि सोय अशी की जानेवारीचा संकल्प फसला तर गुढीपाडव्याला नवं वर्ष आहेच. तोही फसला तर व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीत सुरू होतं, त्यांच्यात घुसायचं.

पण संकल्पांची यादी काढून बघा. साखर सोडणार. चहा कमी करणार. मोबाईल कमी बघणार. पहाटे पाचला उठणार. म्हणजे वर्ष उजाडलं रे उजाडलं की आपण स्वतःला शिक्षा ठोठावून मोकळे. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना 'हे करू नका' म्हटलं की ती काय करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा यंदा मी तुम्हाला चैनीचे संकल्प सुचवायला आले आहे. हातानं घडवलेल्या वस्तूंची चैन. हे संकल्प मध्येच मोडले तरी तोवरची मजा कुणी परत मागत नाही.

सुरुवात लॉकरपासून. इथल्या बायकांनी मनातल्या मनात आपापला लॉकर उघडावा. बोरमाळ, ठुशी, चिंचपेटी, मोहनमाळ, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या. लग्नकार्य निघालं की ही मंडळी बाहेर येतात, दोन दिवस मिरवतात आणि बँक उघडली की पुन्हा अंधारात. साखळीचोरीच्या बातम्या मीही वाचते, त्यामुळे मोहनमाळ घालून बसस्टँडवर उभ्या राहा असं मी म्हणणार नाही. घरात घाला की! पोळ्या लाटताना कानात बुगडी असली तर कोण हरकत घेणार आहे? मुलगा विचारेल, 'आज काय आहे?' त्याला सांगायचं, 'बुधवार आहे.'

याच्याच पोटात दुसरी गोष्ट येते, आणि तिच्याबद्दल मी जरा हट्टी आहे. जुना डाग, म्हणजे दागिना, मोडायचा नाही. संकल्प मोडला तर मोडा, डाग मोडू नका. विटा, खानापूर, आटपाडी भागातली गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी, मंडळी देशभर पसरली आहेत. उत्तरेतल्या एखाद्या शहरात जुनं सोनं वितळत असेल तरी मुशीपाशी बसलेला माणूस आपल्या विट्याकडचा निघतो. त्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण मुशीतून सोनं परत येतं, घडण येत नाही. कोल्हापुरी साज घ्या. त्याची रूढ पानं २१. दशावतारांची दहा, अष्टमंगलांची आठ, माणिक आणि पाचूची दोन आणि एक ताईत. पातळ पत्रा ठशावर ठोकून एकेक पान उठवायचं, आतल्या पोकळीत लाख भरायची, म्हणून थोडक्या सोन्यात दागिना भरदार दिसतो. मग पानं आणि मणी आळीपाळीनं दोऱ्यात गाठवायचे, ते काम पटवेकऱ्याचं. असा साज मोडायला नेला की तराजूत पडतं ते लाख वजा जाता उरलेलं चिमूटभर सोनं. आजीच्या गळ्यावर घासून गुळगुळीत झालेल्या मत्स्यावताराचा भाव कुठल्याच फळ्यावर लिहिलेला नसतो.

आणि भावाचा विषय निघालाच आहे तर सांगते. सराफ कट्ट्यावर आपण कसे वागतो ते आठवा. ही सांगली म्हणजे १८३२ सालापासून गाडगीळांची पेढी पाहिलेलं गाव, तेव्हा सराफाकडे कसं बसायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दिवसाचा सोन्याचा भाव आपण मुकाट्यानं ऐकून घेतो. तो कुठून ठरून आला, का वाढला, एक शब्द विचारत नाही. घडणावळीचा आकडा आला की मात्र सरसावून बसतो. 'एवढी मजुरी? काहीतरी कमी करा.' ज्या गोष्टीत माणसाचा हात आहे नेमकी तिथंच आपली घासाघीस! हुपरी इथून तास-सव्वा तासावर आहे. चांदीचं गाव. तिथं घराघरांत पैंजणाच्या कड्या एकात एक अडकवायचं, डाक लावून जोडायचं, घुंगरू बसवायचं काम चालतं. एकदा जाऊन पाहा. एका पायातल्या पैंजणाला किती सांधे असतात ते मोजायला लागलात तर मध्येच आकडा चुकतो. त्यानंतर घडणावळीवरून वाद घालायला जीभ रेटत नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, 'सोनं परवडतंय कुणाला?' बरोबर आहे. आपल्या आज्यांनाही परवडत नव्हतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, या हिशेबात त्या मुहूर्ताला गुंजभर सोनं घ्यायच्या. पण मी सोनं घ्या म्हणतच नाहीये. आता प्रदर्शनांचे दिवस आहेत. खणाच्या कापडाचे, भाजलेल्या मातीचे, तारेचे दागिने करणाऱ्या कितीतरी मुली टेबल मांडून बसलेल्या असतात. तिथं एकच करा. दागिना हातात घेतला की आधी उलटा करा. पुढची बाजू कुणीही चकचकीत करतं. मागं दोरा कुठं संपवला आहे, गाठ कशी लपवली आहे, तारेचं टोक आत वळवलं आहे की तसंच बोचरं सोडलं आहे, हे तिथं दिसतं. कुड्यांची जोडी असेल तर दोन्ही शेजारी धरा. तंतोतंत सारख्या असतील तर 'हॅन्डमेड'ची चिठ्ठी कितीही सुंदर असू दे, बहुतेक साचा आणि यंत्र. एकीतलं फूल किंचित तिरकं असेल तर घेऊन टाका. आणि करणारीला विचारा, हे कसं केलं? तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुढच्या रांगेतल्या काकांना प्रश्न पडला आहे की यात पुरुषांनी काय करायचं. काका, भिकबाळी घाला. चेष्टा नाही. मोत्यांची भिकबाळी मराठी पुरुषाच्या कानात शतकानुशतकं होती, तुमच्या पिढीनंच ती शाळेच्या स्नेहसंमेलनापुरती ठेवली. ते जमणार नसेल तर तुमच्यासाठी मिरज.

आपण सांगलीकरांनी असं ठरवून टाकलंय की मिरजेला जायचं ते दवाखान्यासाठी नाहीतर रेल्वेसाठी. त्याच मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक वाद्यांकडे वळले आणि तंबोरे, सतारी करू लागले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामुळे ऐकणारे कानही जागेवरच होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सगळं चांगलंच. पण मानांकन वाचून काही कळत नाही, जवारी, म्हणजे तारेचा सूर खुलवणारी घासणी, काढताना पाहिली की कळतं.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, जाड सालीचा, खायच्या उपयोगाचा नाही. त्यावर पुढची तबली बसते, दांडी बसते, तारा चढतात. इथपर्यंत तो दिसायला तंबोरा झालेला असतो, पण वाजवला तर आवाज मुका येतो. मग कारागीर घोडीकडे, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीकडे, वळतो. घोडीचा माथा आपल्याला सपाट वाटतो. त्याला डोळ्यांना न जाणवणारा उतार द्यायचा असतो, म्हणजे तार त्यावर ओझरती घासत थरथरते आणि सूर पसरतो. कारागीर तार छेडतो, मान तिरकी करून ऐकतो, कानस एक-दोनदा फिरवतो, पुन्हा छेडतो. मोजपट्टी नाही, यंत्र नाही, माप सगळं कानात. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा दोरा सरकवायचा. तो केसभर सरकला तरी सूर मिटतो, आणखी केसभर सरकला की एकदम खोली भरून जाते. हे बघायला पैसे पडत नाहीत. फक्त आधी विचारून जा, मध्ये मध्ये मोबाईल काढू नका आणि चहा तुम्ही सांगा. त्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची मजुरी आहे.

आपल्याच विष्णुदास भाव्यांना आपण नाटकामुळे ओळखतो, १८४३ सालच्या 'सीतास्वयंवर'मुळे. पण त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि पुढं बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. आटपाडीकडच्या घोंगड्या, चिंचोक्याची खळ लावलेल्या, अंगावर घेतल्या की सुरुवातीला टोचणाऱ्या. त्यावर वेगळं बोलावं लागेल. आज नको, कारण मला संक्रांतीला यायचं आहे.

जानेवारीतला खरा हातचा दागिना हलव्याचा. जगात लोक सोन्याचे, चांदीचे, हाडांचे, शिंपल्यांचे दागिने करतात. आपण साखरेचे करतो आणि नव्या नवरीला काळ्या साडीवर घालतो, लहानग्याला बोरन्हाणाला घालतो. मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा, नथ, जावयाला हार. हल्ली जावयाला हलव्याचा मोबाईलही करतात. यंदाचा माझा स्वतःचा संकल्प हाच आहे, हलवा घरी करायचा. विकत छान मिळतो, तरीही.

करायचा कसा ते सांगते. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंग, काहीही चालतं, पण नवख्यानं साबुदाण्यापासून सुरुवात करावी, खसखस रडवते. साखरेचा पाक करायचा, थोडं दूध घालून त्यातली मळी काढायची म्हणजे हलवा शुभ्र होतो. शेगडीवर निखारे, तेही राख धरलेले, त्यावर परात. परातीत दाणे. त्यांवर चमचाभर, खरं तर अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचे. पाक दाण्यांवर बसतो, सुकतो, पांढरा पडतो. मग पुढचा अर्धा चमचा. आच वाढली की साखरेचा भुगा होतो, पाक जास्त पडला की दाण्यांचे गोळे होतात. बोटं भाजतात. पहिल्या दिवशी दाणा जेमतेम ओलसर पांढरा दिसतो आणि घरातले विचारतात, 'झालं का?' झालेलं काही नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडी. तिसऱ्या दिवशी कधीतरी, पहाटेच्या थंडीत, दाण्याच्या अंगावर बारीक टोकं उठू लागतात. तो काटा. काटा यायला हवा गार लागते, म्हणून हे काम दुपारच्या उन्हात होत नाही. एकदा काटा धरला की मात्र प्रत्येक चमच्यागणिक तो वाढत जातो आणि तुमचा हात थांबत नाही. माझी नात, जिला कुठल्याही गोष्टीला दहा मिनिटांवर बसवत नाही, ती परातीपाशी अशी बसली होती की तिला जेवायला उठवावं लागलं.

मग दाणा दाणा दोऱ्यानं गुंफायचा, तारेवर चढवायचा. आणि एवढं करून तो दागिना टिकतो किती? दमट हवा आली की चिकटतो. मुंग्यांना त्याचा पत्ता कुणी सांगावा लागत नाही. बोरन्हाणाचा बाळकृष्ण तर मुकुट डोक्यावर असतानाच बासरी चाटायला लागतो. हा दागिना लॉकरमध्ये ठेवता येत नाही, मोडता येत नाही, त्याची घट निघत नाही. घालायचा आणि खायचा.

आता वेळ संपत आली, घंटा वाजवायच्या तयारीत आहेत. तेव्हा कामाचं बोलते. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला माझ्या ओसरीवर शेगडी पेटवणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी वाटीभर साबुदाणा आणि एक जुना सुती रुमाल आणावा. परात आणि साखर माझी. बोटं ज्याची त्यानं सांभाळायची. काका, तुम्हीही या. आमराईचं फिरणं त्या दिवशी चुकेल, पण तुमचा तो संकल्प तोवर टिकलेला असेल असं मी धरून चाललेले नाही.