भीमगडच्या शेकरूचा खेळ

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी चित्रकला शिकवते. ‘आवडता प्राणी काढा’ म्हटलं की मुलांच्या वह्यांत वाघ येतो, मोर येतो, हत्ती येतो. त्यांच्याबरोबर एक नारिंगी प्राणीही येतो. भलंमोठं डोकं, निळी पँट, तपकिरी हातमोजे, लाल बूट. त्याचं नाव क्रॅश बॅन्डिकूट, एका व्हिडिओ गेमचा नायक. कुणाच्या दादाच्या जुन्या प्लेस्टेशनवर, कुणाच्या मामाच्या मोबाईलवर मुलांनी त्याला पाहिलेलं असतं. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण चित्र काढणाऱ्या माणसाला त्याच्याकडून खूप शिकण्यासारखं आहे. आणि तसाच एक खेळ आपल्या शेकरूचा कसा करता येईल, तेही सांगणार आहे.

खेळ तसा सरळ. क्रॅश एका बेटावर धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, लाकडी खोकी फोडतो, फळं गोळा करतो. शत्रू समोर आला की स्वतःभोवती गरकन फिरून त्याला उडवून लावतो. कॉर्टेक्स नावाचा एक वेडा शास्त्रज्ञ त्याचा मुख्य शत्रू आहे. पालक मला विचारतात, “बाई, मारामारीचाच खेळ ना हा?” मारामारी आहे, पण ती व्यंगचित्रातली. रक्त नाही, जखम नाही. शत्रू भिरभिरत पडद्याबाहेर जातो. क्रॅश स्वतः मेला तरी पंख लावून वर उडून जातो आणि पुढच्या क्षणी पुन्हा उभा राहतो. लहान मूल त्याला घाबरत नाही, खदखदून हसतं.

हा प्राणी आला कुठून, ती हकिकत मला फार आवडते. अमेरिकेतल्या नॉटी डॉग या कंपनीच्या अँडी गॅव्हिन आणि जेसन रुबिन या दोघांना एक नायक हवा होता. गोंडस, खराखुरा, पण लोकांनी फारसं नावही न ऐकलेला. त्यांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या प्राण्यांची माहिती देणारं एक पुस्तक विकत आणलं आणि त्यातून कांगारूसारखी पोटाला पिशवी असलेले तीन प्राणी काढले. वॉम्बॅट, पोटोरू आणि बॅन्डिकूट. शेवटी बॅन्डिकूट ठरला. चार्ल्स झेंबिलास आणि जो पिअर्सन या चित्रकारांनी त्याला रूप दिलं, आणि १९९६ साली खेळ बाजारात आला.

त्या रूपातली एकही गोष्ट उगाच आलेली नाही. जंगल हिरवं, वाळू पिवळसर, म्हणजे त्या पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा रंग हवा. जुन्या टीव्हीवर लाल रंग फाकायचा, म्हणून तो बाद. असं एकेक गाळत नारिंगी उरला. छातीचा रंग फिका ठेवला, म्हणजे प्राणी आपल्याकडे तोंड करून आहे की पाठ, ते चटकन कळतं. हातमोजे वेगळ्या रंगाचे, कारण हात अंगाशी आला तरी दिसला पाहिजे. आणि डोकं मोठं, मान जवळजवळ नाहीच, कारण एवढ्याशा आकृतीतही चेहऱ्यावरची भीती आणि आनंद वाचता यायला हवा. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर देखावे बसवणारे कलाकार हेच करतात. गर्दीतल्या शेवटच्या माणसाला रात्री लांबून कळावं म्हणून हात मोठा फिरवायचा, मान ठसठशीत वळवायची.

हा खेळ ज्यावर चालायचा, त्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती फक्त २ एमबी. आज मोबाईलवरचा एक फोटोही त्याहून मोठा असतो! एवढ्याशा जागेत क्रॅशचा चेहरा रबरासारखा ताणला जावा, डोळे बाहेर यावेत, म्हणून त्याच्या आकृतीतल्या प्रत्येक बिंदूची हालचाल वेगळी साठवली गेली.

आणखी एक गोष्ट खेळताना सहसा लक्षात येत नाही. एखादं मूल त्याच त्या जागी पुन्हा पुन्हा मरत असेल, तर खेळ गुपचूप मऊ होतो. रक्षण करणारा आकू आकूचा मुखवटा सोबत मिळतो, जिथून पुन्हा सुरू करता येईल असं खोकं जवळ येतं. कुणाला सांगत नाही, कमीपणा देत नाही. शिकवणारी बाई म्हणून मला हे मनापासून पटतं.

पुढे २००७ मध्ये याच नायकाचा एक वेगळा खेळ आला. त्यात शत्रूंचे घोळके अंगावर येतात, मोठ्या राक्षसाला मारून मारून गुंगीत आणायचं आणि त्याच्याच पाठीवर बसून बाकीच्यांशी लढायचं. कल्पना मजेदार, पण माझं मन पहिल्या खेळातच रमतं. उडीत नेम लागतो, श्वास रोखावा लागतो. घोळक्याच्या मारामारीत बटणं बडवण्यावर जास्त भर येतो.

आता आपल्याकडे या. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. म्हादई नदीचा उगम याच रानातला. तिथे गवे आहेत, अस्वलं आहेत, बारापेडेच्या गुहांत दुर्मीळ वटवाघळं आहेत. आणि शेकरू आहे, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार. महाराष्ट्राने त्याला राज्यप्राणी केलं, पण आपल्या बाजूच्या, कर्नाटकातल्या झाडांवरही तो तितकाच हक्काने नांदतो.

शेकरूकडे नायक म्हणून एकदा बघा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकं. अमेरिकेतल्या चित्रकारांनी विचार करकरून जे ठरवलं, ते याला जन्मतःच मिळालंय. शेपूट अंगाहून लांब, म्हणजे उडीचा झोक दिसायला सोपा. एका झाडावरून दुसऱ्यावर तो सहा मीटरपर्यंत झेप घेतो. जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणजे खेळाचा नियम तयार झाला, जमिनीला पाय लागला की धोका. धोका दिसला की तो फांदीला चिकटून निश्चल होतो, त्याच्यासाठी एक बटण. पानाकाटक्यांची घरटी एकाहून जास्त बांधतो, म्हणजे मेल्यावर कुठल्या घरट्यातून सुरुवात करायची तेही ठरलं.

एक विनंती. अस्वलाला यात खलनायक करू नका. आपल्या भागात अस्वलाच्या हल्ल्यात माणसं जखमी झाली आहेत, त्या घरांतली मुलंही हा खेळ खेळतील. अस्वल रानाच्या कडेला वारूळ उकरत असू दे, आणि शेकरूने त्याला वळसा घालून जायचं.

कॉम्प्युटरवर खेळ बनवण्यासाठी गोडॉ नावाचं साधन फुकट मिळतं, मोठ्या मुलांनी ते शिकावं. पण सुरुवात कागदावर होते. जांबोटी, कणकुंबीकडच्या मुलांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी शेकरूला झेपावताना पाहिलंय. त्या एका झेपेची आठ चित्रं काढा. आधी अंग आखडलेलं, मग पाय सुटलेले, मग शेपूट मागे ताणलेली, आणि शेवटी फांदी वाकलेली. चित्रं एकावर एक ठेवून कोपऱ्यातून भराभर सोडा. उडी खोटी वाटली तर तिसरं आणि चौथं चित्र पुन्हा काढा, चूक बहुतेक तिथेच असते.